घरातील श्रवण: हेडफोन आणि मेजावरील ध्वनिक्षेपक

विषयप्रवेश

संगीत ऐकावयाचे तर मैफलीस जाणे, किंवा ज्याच्या घरी ग्रामोफोन असेल त्याच्या ओसरीवर जाऊन बसणे, याखेरीज सामान्य माणसाला एके काळी दुसरा मार्ग नव्हता. पुढे रेडिओ आला, ध्वनिफिती आल्या, १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. आणि आज मोबाइल हाताशी असला म्हणजे दक्षिणेतील वीणा, बंगालमधील कीर्तन, पंजाबातील शबद किंवा पन्नास वर्षांपूर्वी मुद्रित झालेला एखादा ख्याल, यांपैकी हवे ते क्षणार्धात ऐकावयास मिळते. ध्वनी साठविण्याची आणि वाहून नेण्याची कला इतकी पुढे गेली आहे की, स्वस्त साधनांतही या बाबतीत फारसे उणे राहिलेले नाही. उणे राहते ते शेवटच्या टप्प्यात, म्हणजे विद्युत्‌प्रवाहाचे पुन्हा हवेतील कंपनांत रूपांतर करणाऱ्या साधनात.

हे साधन विकत घेताना गृहस्थाची मोठी ओढाताण होते. समजा, एका कुटुंबाने काटकसर करून पाच हजार रुपये या कामासाठी बाजूला काढले आहेत. घर दोन खोल्यांचे आहे. आजोबांना पहाटे भजने ऐकावयाची आहेत; आईला दिवसभराचे काम आटोपल्यावर रात्री जुनी गाणी ऐकावयाची आहेत; मुलगी गाणे शिकते; आणि मुलाची परीक्षा तोंडावर आलेली आहे. दुकानात गेल्यावर त्यांना खोक्यांवर छापलेले मोठमोठे आकडे दिसतात. हेडफोन घ्यावा की मेजावर ठेवण्याजोगी ध्वनिक्षेपकांची, म्हणजे ज्यांना आपण स्पीकर म्हणतो त्यांची, जोडी घ्यावी? आणि घ्यावयाची ठरल्यास ती कशी पारखावी?

या प्रश्नाचा विचार करताना एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. साधन, खोली आणि कान ही तिन्ही मिळून एक श्रवणयंत्रणा बनते. हेडफोन या यंत्रणेतून खोलीला वगळतो, तर ध्वनिक्षेपक तिला आपला भागीदार करतो. दोहोंचे जवळजवळ सर्व गुणदोष या एका भेदातून निघतात. तो नीट समजला, तर पाच हजारांचे चीज होते; आणि त्याहून मोलाची जी वस्तू, म्हणजे आपली श्रवणशक्ती, तिचेही रक्षण होते.

पटल, हवा आणि कान

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारा जलद चढउतार होय. हा चढउतार दर सेकंदास जितक्या वेळा होतो, त्या संख्येला कंपनसंख्या म्हणतात व ती हर्ट्झ या एककात मोजतात. तरुण व निकोप कानास सुमारे २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. वय वाढते तशी यांपैकी वरची मर्यादा खाली येत जाते. हवेत ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअस तापमानास सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. यावरून हिशेब केल्यास २० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे १७ मीटर, तर २०,००० हर्ट्झच्या ध्वनीची सुमारे १.७ सेंटिमीटर भरते. एक लांबी मोठ्या दालनाएवढी, तर दुसरी बोटाच्या पेराएवढी! इतकी तफावत असलेले सारे ध्वनी लहानशा साधनाकडून काढून घ्यावयाचे, हेच या शास्त्रातील मुख्य कोडे आहे.

हेडफोन आणि ध्वनिक्षेपक यांची अंतर्रचना बहुधा एकाच जातीची असते. चुंबकाच्या फटीत बारीक तारेचे एक वेटोळे बसविलेले असते. संगीताचा विद्युत्‌प्रवाह त्यातून वाहू लागला की वेटोळे मागेपुढे हलते आणि त्याला जोडलेले पातळ पटल हवेला ढकलते. अशा ध्वनिक्षेपकाचे आजही प्रचलित असलेले रूप चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली मांडले. हेडफोन त्याहूनही जुना. अमेरिकेतील युटा राज्यात नॅथॅनियल बाल्डविन याने आपल्या स्वयंपाकघरात तयार केलेले हेडफोन १९१० च्या सुमारास तेथील नौदलाने बिनतारी संदेश ऐकण्यासाठी घेतले. त्याची रचना मात्र निराळी होती. दोन्ही कानांना स्वतंत्र ध्वनी देऊन संगीत ऐकविणारे साधन म्हणून हेडफोन लोकांपुढे आला तो १९५८ साली, मिलवॉकी येथील जॉन कॉस याच्या प्रयत्नाने.

रचना एक असूनही परिणाम निराळा का होतो? कानावर घट्ट बसलेल्या हेडफोनचे पटल आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेची लहानशी कोंडलेली जागा असते. पटल जितके पुढे सरकेल तितकी ती हवा दाबली जाते. मग कंपनसंख्या कितीही कमी असो. उघड्या खोलीत हवेला असा कोंडमारा नसतो. तेथे स्वर एक सप्तक खाली उतरवून आवाज तेवढाच ठेवावयाचा असेल, तर पटलाला पूर्वीच्या चौपट अंतर हलावे लागते; दोन सप्तके उतरल्यास सोळापट. लहान ध्वनिक्षेपकाच्या पटलाला एवढे हलणे शक्य नसते. म्हणूनच चार सेंटिमीटर व्यासाचे हेडफोनचे पटल जो खर्ज सहज ऐकविते, तो मेजावरील आठ सेंटिमीटरच्या पटलाला पेलत नाही.

तंबोऱ्याच्या खर्जाचे उदाहरण

हे तत्त्व एका परिचित उदाहरणाने स्पष्ट होईल. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य सप्तकातील षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो, आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्या, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झ कंपनसंख्येची असते. मेजावरील लहान ध्वनिक्षेपकाचा आवाज सामान्यतः १०० हर्ट्झच्या खाली झपाट्याने ओसरतो. तरीही अशा ध्वनिक्षेपकावर तंबोरा ऐकताना खर्जाची तार कोणी काढून टाकली आहे, असे आपणांस वाटत नाही. याचे कारण असे की, त्या तारेतून ६९ हर्ट्झच्या मूळ कंपनाबरोबरच त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनसंख्यांचे उपस्वरही निघतात. हे उपस्वर कानी पडताच मेंदू त्यांच्यावरून मूळ स्वराचे अनुमान करतो आणि तो प्रत्यक्ष न वाजताही आपल्याला जाणवतो.

तंबोऱ्याच्या घोडीमुळे उपस्वरांची ही समृद्धी कशी निर्माण होते, याचा अभ्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केला होता व तो १९२१ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी तबला व मृदंग यांविषयीही लिहिले होते. या वाद्यांच्या चामड्यावरील शाईमुळे त्यांचे उपस्वर मूळ स्वराशी सुसंवादी होतात, हे त्यांनी दाखवून दिले.

यावरून ग्राहकाने घ्यावयाचा बोध असा. लहान ध्वनिक्षेपकावर सूर हरवत नाही. हरवते ते त्याचे वजन, डग्ग्याची घुमक, मृदंगाच्या डाव्या अंगाचा भारदस्तपणा. ज्याला ते वजन हवे आहे त्याने हेडफोन किंवा मोठ्या पटलाचा ध्वनिक्षेपक घ्यावा. परंतु कंठसंगीताचा बहुतेक सर्व आशय २०० ते ५,००० हर्ट्झ या मधल्या पट्ट्यात असतो, आणि तो पट्टा समतोल वाजणे अधिक महत्त्वाचे आहे. पुष्कळशा स्वस्त साधनांत दुकानात छाप पडावी म्हणून खालचे स्वर मुद्दाम फुगविलेले असतात. अशा साधनावर गायकाचा आवाज घोंगडीआडून आल्यासारखा ऐकू येतो.

हेडफोनचे प्रकार

हेडफोन तीन प्रकारचे असतात. पहिला बंदिस्त. याच्या वाट्या पाठीमागून बंद असल्यामुळे बाहेरचा गलबला आत कमी येतो आणि आतले गाणे बाहेर फारसे जात नाही. दुसरा खुला, याच्या वाट्यांना मागून जाळी असते. १९६८ साली सेनहायजर या जर्मन कंपनीने काढलेल्या एच.डी. ४१४ या हेडफोनने हा प्रकार लोकप्रिय केला. यातून संगीत मोकळे वाटते आणि कानांना हवा लागते. उष्ण प्रदेशात ही काही लहान सोय नव्हे. मात्र शेजारी बसलेल्यालाही गाणे ऐकू येते व पंख्याची घरघर आपणांस ऐकू येते. तिसरा प्रकार कानाच्या छिद्रात बसविण्याच्या बोंडांचा. तो स्वस्त व सुटसुटीत असतो. परंतु बोंड कानात नीट बसले नाही तर खालचे स्वर एकाएकी नाहीसे होतात.

कोंडलेल्या हवेला जराशी फट मिळाली की खर्ज निसटतो, ही गोष्ट बंदिस्त हेडफोनलाही लागू आहे. चष्म्याच्या काड्या, जाड केस किंवा मोठी कर्णभूषणे यांमुळे अशी फट राहते. तेव्हा चष्मा लावणाऱ्याने हेडफोन पारखताना चष्मा लावूनच पारखावा.

हेडफोनची एक मर्यादा मूलभूत आहे. समोर बसून गाणाऱ्याचा आवाज आपल्या दोन्ही कानांवर पडतो. उजवीकडून आलेला ध्वनी डाव्या कानास किंचित उशिरा, फार तर सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाइतका उशिरा, आणि थोडा क्षीण होऊन पोहोचतो. या सूक्ष्म फरकावरून आपण दिशा ओळखतो. हेडफोनमध्ये उजव्या बाजूचा ध्वनी केवळ उजव्या कानालाच मिळतो. त्यामुळे गायक समोर बसलेला न वाटता डोक्याच्या आतच गात असल्याचा भास होतो. काही श्रोत्यांना याची सवय होते, तर काहींना त्याने थकवा येतो. उलट पक्षी, मींड, मुरकी, श्वास, तारेवरील नखाचा स्पर्श असे बारकावे हेडफोनवर जितके स्पष्ट ऐकू येतात, तितके त्याच किमतीच्या ध्वनिक्षेपकावर क्वचितच येतात.

बिनतारी हेडफोन सोयीचा खरा, पण त्यातील लहानशी बॅटरी काही वर्षांनी क्षीण होते आणि ती बदलणे बहुधा कठीण असते. तारेच्या हेडफोनची तार व कानगाद्या बदलता येत असतील, तर तो पुष्कळ वर्षे टिकतो. शिवाय बिनतारी प्रक्षेपणात ध्वनी थोडा उशिरा पोहोचतो. नुसते ऐकताना त्याची अडचण होत नाही. परंतु मोबाइलच्या पडद्यावरील पेटी बोटांनी वाजवू पाहणाऱ्यास हा विलंब ताबडतोब जाणवतो.

मेजावरील ध्वनिक्षेपक आणि खोली

परवडणाऱ्या साधनांपैकी विवर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर, पोटातच असलेली ध्वनिक्षेपकांची जोडी सर्वांत सोयीची. दोन ध्वनिक्षेपकांमधून आवाजाचे चित्र समोर उभे करण्याची कल्पना इंग्लंडमधील ॲलन ब्लूमलाइन याने १९३१ सालच्या आपल्या पेटंटमध्ये मांडली. या चित्राचा लाभ व्हावयाचा तर दोन ध्वनिक्षेपक आणि श्रोत्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे. दोन्ही ध्वनिक्षेपक एकाच डबीत असलेल्या लहान बिनतारी साधनात हा त्रिकोण होतच नाही. आजोबांच्या भजनासाठी किंवा बातम्यांसाठी ते पुरेसे असले, तरी वाद्यवृंदाची मांडणी त्यातून कळणार नाही. काही संचांत दोन लहान ध्वनिक्षेपकांबरोबर खालच्या स्वरांसाठी एक वेगळी पेटी येते. फार खालच्या स्वरांची दिशा कानाला नीट उमगत नसल्याने ती मेजाखाली ठेवता येते. मात्र तिचा आवाज बेताचाच ठेवावा.

आता खोलीकडे वळू. दहा फुटांच्या, म्हणजे सुमारे ३.०५ मीटरच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा तरंग अडकून घुमू लागतो, कारण त्याची अर्धी तरंगलांबी त्या अंतराएवढी असते. भिंतीलगत असा स्वर प्रमाणाबाहेर मोठा व खोलीच्या मध्याशी अगदी क्षीण ऐकू येतो. ध्वनिक्षेपक कोपऱ्यात सारल्यास खालचे स्वर आणखी फुगतात. अशा वेळी साधन वाईट असल्याची तक्रार होते. वस्तुतः ते हातभर पुढे ओढणे एवढाच त्यावर उपाय असतो.

दुसरा दोष मेजाचा. समजा, ध्वनिक्षेपकाचे पटल मेजापासून १५ सें.मी. उंचीवर, आपला कान ४० सें.मी. उंचीवर आणि दोहोंत ६० सें.मी. आडवे अंतर आहे. सरळ येणारा ध्वनी ६५ सें.मी. चालतो, तर मेजावर आपटून येणारा सुमारे ८१ सें.मी. हा १६ सें.मी.चा फरक सुमारे १,०५० हर्ट्झच्या अर्ध्या तरंगलांबीएवढा असल्यामुळे त्या स्वराच्या आसपास दोन्ही तरंग परस्परांना मारक ठरतात. हा पट्टा नेमका गाण्यातील शब्दांच्या स्पष्टतेचा आहे. यासाठी ध्वनिक्षेपक मेजाच्या पुढच्या कडेशी आणावेत, त्यांखाली दोन-तीन जाड पुस्तके ठेवून ते उंच करावेत व त्यांचे तोंड कानांच्या रोखाने वळवावे. या उपायांना पैसा पडत नाही.

आपल्या घरांत भिंतींना गुळगुळीत गिलावा व जमिनीला फरशी असते. त्यामुळे ध्वनी पुनःपुन्हा परावर्तित होऊन शब्द एकमेकांत मिसळतात. जमिनीवर जाड सतरंजी, एखाद्या भिंतीशी पुस्तकांची मांडणी, पलंगावर गादी आणि खिडकीला जाड पडदा एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. शिवाय मेजाजवळ बसून ऐकताना ध्वनिक्षेपकाचा थेट आवाज खोलीच्या आवाजाहून प्रबळ असतो. लहान घरात मेजावरच्या साधनाचे खरे बळ या निकटतेत आहे.

खोक्यावरील आकड्यांची पारख

प्रथम वॅट पाहू. सामान्य लहान ध्वनिक्षेपक एक वॅट शक्तीवर एक मीटर अंतरावर सुमारे ८५ डेसिबल इतका आवाज देतो. घरातील श्रवणाला हा आवाज मोठाच म्हणावा लागेल. शक्ती दुप्पट केल्याने केवळ ३ डेसिबल वाढतात. आणि आवाज कानाला सुमारे दुप्पट वाटावयाचा असेल तर शक्ती दहापट करावी लागते. म्हणून दहा वॅट व वीस वॅट यांच्यातील फरक किमतीत दिसतो तेवढा कानाला जाणवत नाही. खोक्यावर पी.एम.पी.ओ. या अक्षरांपुढे शेकडो वॅट लिहिलेले आढळले, तर तो क्षणिक शिखरांचा फुगविलेला आकडा समजून सोडून द्यावा. संगणकाच्या साध्या यू.एस.बी. खाचेतून ५ व्होल्ट व अर्धा अँपिअर, म्हणजे केवळ अडीच वॅट मिळतात. ज्या ध्वनिक्षेपकाला याखेरीज दुसरी वीज नाही, तो शंभर वॅटचा आवाज सतत कोठून देणार? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम दुकानातही लागू असतो.

‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हा मजकूरही एकटा निरर्थक आहे. त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. हेडफोनच्या बाबतीत संरोध आणि संवेदनक्षमता हे दोन आकडे मात्र उपयुक्त आहेत. ३२ ओहम संरोधाचा व एक मिलिवॅटला १०० डेसिबल देणारा हेडफोन मोबाइलवर चांगला चालतो. तितक्याच संवेदनक्षमतेच्या ३०० ओहमच्या हेडफोनला सुमारे तिप्पट व्होल्टता लागते व त्यासाठी बहुधा वेगळा विवर्धक घ्यावा लागतो. मर्यादित रकमेत हा खर्च टाळावा.

किमतीवरून गुणवत्ता ठरते काय? २०१७ साली जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनच्या मोजमापांची त्यांच्या किमतींशी तुलना केली, तेव्हा कंपनसंख्येनुसार मिळणारा प्रतिसाद आणि किंमत यांत संबंध आढळला नाही. तत्पूर्वी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी ध्वनिक्षेपक पडद्याआड ठेवून श्रोत्यांची मते घेतली होती. नाव व रूप दिसत नसले म्हणजे बहुतेक श्रोते समतोल प्रतिसादाच्या ध्वनिक्षेपकालाच पसंती देतात, असे त्यांना दिसून आले. आणि १९९४ साली टूल व शॉन ऑलिव्ह यांनी दाखविले की, साधन डोळ्यांना दिसू लागताच त्याच श्रोत्यांची मते पालटतात. तात्पर्य, महाग वस्तू टिकाऊ वा सुबक असेल. ती कानाला सरस असेलच असे नाही.

कानांचे रक्षण

आंतरकर्णात ध्वनी ग्रहण करणाऱ्या सूक्ष्म केशपेशी सुमारे पंधरा हजार असतात. मनुष्याच्या बाबतीत त्या एकदा नष्ट झाल्या म्हणजे पुन्हा उगवत नाहीत. मोठा आवाज दीर्घकाळ ऐकल्याने त्या हळूहळू, आणि वेदना न होता, निकामी होतात. म्हणून हानी ध्यानात येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. जगातील शंभर कोटींहून अधिक तरुणांना असुरक्षित श्रवणामुळे बहिरेपणाचा धोका असल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली दिला आहे.

या संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्यास ८० डेसिबलचे ४० तास अशी आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबलचे ४० तास इतकी आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते, हे सूत्र पाठ करून ठेवावे. त्यानुसार ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास. आणि ९८ डेसिबलला आठवड्याकाठी जेमतेम ३७ मिनिटे उरतात. हेडफोन या मर्यादा सहज ओलांडू शकतो आणि शेजारचा माणूस सावध करू शकत नाही, कारण त्याला काहीच ऐकू येत नसते. गोंगाटात आवाज वाढविण्यापेक्षा बाहेरचा आवाज अडविणारा बंदिस्त हेडफोन शांतपणे ऐकणे हितकर. ऐकून झाल्यावर कानात गुंजन होत असेल किंवा बोलणे दबलेले वाटत असेल, तर मर्यादा ओलांडली गेली असे निश्चित समजावे.

आवाज कमी केला की गाणे पोकळ वाटते, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखविल्याप्रमाणे मंद आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर तुलनेने कमी ऐकू येतात. तेव्हा रात्री मंद ऐकताना खालच्या स्वरांची कळ थोडी वाढवावी. एकूण आवाज वाढवू नये.

ध्वनिक्षेपकाचा उपद्रव निराळा. तो शेजाऱ्यांना होतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. पहाटेचे भजन आजोबांना प्रिय असले, तरी भिंतीपलीकडे एखादे आजारी मूल झोपलेले असू शकते, याचा विसर पडू नये.

निवड कशी करावी

आता आपल्या कुटुंबाकडे परत येऊ. आईचे रात्रीचे श्रवण आणि मुलाच्या अभ्यासाची शांतता या दोन्ही गोष्टी हेडफोनने साधतात. मुलीला गुरूच्या गायनातील बारकावे टिपावयाचे असतील तेव्हाही हेडफोनच श्रेष्ठ. परंतु रियाझाच्या वेळी दोन्ही कान झाकल्यास स्वतःचा आवाज तिला डोक्यात घुमल्यासारखा, विकृत ऐकू येईल आणि स्वर लावताना चूक कळणार नाही. तेव्हा तंबोरा ध्वनिक्षेपकावर लावावा, म्हणजे तिचा आवाज व षड्ज हवेत एकत्र मिसळतील. आजोबांना तर ध्वनिक्षेपकच सोयीचा, कारण ते ऐकता ऐकता घरच्यांशी बोलतात आणि दारावरची घंटाही त्यांना ऐकू आली पाहिजे.

म्हणून अशा घराने रकमेचा सुमारे तिसरा भाग तारेच्या, कानभर बसणाऱ्या बंदिस्त हेडफोनवर खर्च करावा आणि उरलेल्या पैशांत दिखाऊ दिवे व फुगीर खर्ज नसलेली ध्वनिक्षेपकांची साधी जोडी घ्यावी. दोहोंपैकी एकच घेणे शक्य असेल, तर नियम सोपा आहे. ऐकणारा एकटा असून घर गजबजलेले असेल तर हेडफोन घ्यावा, कारण तेवढ्याच पैशांत तो सर्वाधिक तपशील देतो. ऐकणारे अनेक असतील तर ध्वनिक्षेपक घ्यावेत. हेडफोन कितीही उत्तम असला तरी त्यावर चौघांना मिळून गाणे ऐकता येत नाही.

करून पाहण्याजोगे प्रयोग

१. परिचित गायकाचे एकच ध्वनिमुद्रण लावून ध्वनिक्षेपक प्रथम भिंतीला टेकवून, नंतर हातभर पुढे आणून ऐका. तबल्याच्या डग्ग्याची घुमक व शब्दांची स्पष्टता यांत काय फरक पडतो, ते लिहून ठेवा.

२. हेडफोन लावून मृदंग वा तबला ऐकत असताना वाटीची कड बोटाने किंचित उचला. खर्ज निसटताना ऐकू येईल.

३. दोन साधनांची तुलना करताना दोहोंचा आवाज सारखा करून घ्या, कारण जे जरासे मोठे वाजते तेच सरस भासते. मग घरातील एकाने साधने चादरीआड ठेवून मनाला येईल त्या क्रमाने वाजवावीत व इतरांनी आपले मत कागदावर लिहावे. दहा वेळा असे करून पाहिल्यावरच निर्णय घ्यावा.

४. शांत खोलीत आवाज पूर्ण उतरवून हळूहळू वाढवीत न्या आणि गाणे सुखाने ऐकू येऊ लागताच थांबा. कळीची ती जागा पेन्सिलीने खूण करून ठेवा. महिन्याने पुन्हा तेच करा. खूण वर सरकत असेल आणि खोली पूर्वीइतकीच शांत असेल, तर साधनाला दोष न देता कानांच्या वैद्याकडे जावे.

पाच हजारांचे साधन बिघडले तर दुसरे घेता येईल. त्यातून येणारा तंबोऱ्याचा षड्ज ऐकणारा कान मात्र प्रत्येकाला एकदाच मिळतो. साधन निवडताना व त्याची कळ फिरविताना ही गोष्ट ज्याच्या मनात राहील, त्याला साध्या साधनावरही जन्मभर संगीताचा आनंद घेता येईल.